पुण्याचं पॅकेज की घरची भाकर? पहिल्या नोकरीचा हिशेब कागदावर कसा मांडायचा

कॅम्पस झालं की गावात पहिला प्रश्न येतो, "कितीचं पॅकेज लागलं?" साडेचारचं, पाचचं, सहाचं. ऐकणारा मनातल्या मनात बारानं भागतो आणि पोरगं महिन्याला चाळीस हजार आणणार असं धरून चालतो. घरचेही तेच धरतात, आणि पुष्कळदा पोरगंही. पहिला पगार जमा झाल्याचा मेसेज येतो तेव्हा आकडा तीसच्या आसपास असतो. महिनाअखेर त्यातले किती उरले, हे गावात कुणी विचारत नाही. खरं तर ऑफर घ्यायची की नाही, हे त्या उरलेल्या आकड्यावर ठरवायला हवं.

हा हिशेब संभाजीनगर, जालना, बीड, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, धाराशिव या भागातून पुणे-मुंबईकडे निघालेल्या नव्या पदवीधरांसाठी आहे. भाडं, मेस, प्रवास यांचे आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. तिथं तुमच्या कंपनीचे आणि तुमच्या एरियाचे आकडे घाला, रीत तीच ठेवा.

आधी पॅकेज सोला

ऑफर लेटरसोबत पगाराची, म्हणजे सीटीसीची (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाची), फोड येते. आली नसेल तर एचआरला एक ओळीचा ईमेल टाका: "कृपया सीटीसीची महिनावार फोड आणि दरमहा हातात येणारी रक्कम कळवावी." हे मागण्यात भीड नको. फोड देण्याचीच टाळाटाळ होत असेल तर तेवढ्यावरूनही बरंच कळतं.

समजा पुण्यातल्या कंपनीची ऑफर ४,८०,००० ची आहे. त्यातले १० टक्के म्हणजे ४८,००० व्हेरिएबल. हे वर्षाअखेर, तुमच्या रेटिंगवर आणि कंपनीच्या नफ्यावर अवलंबून. पहिल्या वर्षी जितके महिने भरले तितक्याच प्रमाणात मिळतं, आणि मध्येच सोडलं तर बहुतेक ठिकाणी काहीच नाही. हिशेबात ते शून्य धरा. मिळालं तर दिवाळी.

उरले ४,३२,०००. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो. दरमहा १,८०० प्रमाणे वर्षाचे २१,६००. पैसा तुमचाच, पण आज हातात नाही. बेसिक (मूळ पगार) २०,००० असेल तर ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे, ४.८१ टक्क्यांनी ११,५४४ धरलेले असतात. कायम नोकरीत ही रक्कम साधारण पाच वर्षं सलग काढल्यावरच मिळते, आणि पहिली कंपनी पाच वर्षं कोण धरून बसतो? ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता ७,६५६ धरू. हे सगळं वजा केलं की ३,९१,२०० राहतात, म्हणजे महिन्याला ३२,६००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० कापला की हातात ३०,६००.

चाळीसचे तीस झाले ते असे. यात कुणी फसवलेलं नाही, सीटीसी हा शब्दच कंपनीच्या खर्चाचा आहे.

इथं दोन-तीन बारकावे पाहा. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापतात की पूर्ण बेसिकवर, ते विचारा. पूर्ण बेसिकवर असेल तर दोन्ही वाटे २,४०० चे होतात आणि हातातले आणखी १,२०० कमी होतात. तो पैसा बुडत नाही, पण भाडं त्यातून भरता येत नाही. प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे २,५०० होतात. मुलींना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. आयकराची चिंता मात्र सोडा. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला वर्षाला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर पडत नाही. तेव्हा "टॅक्स वाचवायला पॉलिसी घे" म्हणत दारात येणाऱ्या ओळखीच्या एजंट काकांना चहा पाजा आणि मार्गी लावा.

जॉइनिंग बोनसची अट वाचा. वर्षाच्या आत सोडलं तर तो परत द्यावा लागतो, म्हणून तो आला त्या दिवशी खर्चू नका. पहिले सहा महिने "ट्रेनी" म्हणून स्टायपेंडवर ठेवणार असतील तर हिशेब स्टायपेंडवर मांडा, नंतरच्या पगारावर नाही. आणि नोकरी द्यायला कुणी आधी पैसे मागत असेल, मग ते ट्रेनिंग फी म्हणून असो की लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून, तर विषय तिथंच संपवा. मूळ मार्कशीट आणि टीसी पडताळणीसाठी दाखवा, पण ठेवून घेऊ देऊ नका.

आता शहराचा खर्च, एका माणसाचा

हिंजवडीत नोकरी, वाकडला चौघांत टू बीएचके, असं धरू. भाडं २६,०००.

भाड्याचा वाटा ६,५००
लाईट, मेंटेनन्स, वायफाय, भांडी-झाडूची बाई १,२००
मेस, दोन वेळचा डबा ३,८००
नाश्ता, चहा आणि मेस बंद असते तेव्हाचं जेवण २,२००
रोजचा प्रवास १,८००
मोबाईल ३५०
गावी येणं-जाणं १,६००
कपडे, औषधं, कटिंग, साबण १,८००
मित्र, सिनेमा, कुणाचा तरी बर्थडे १,५००

बेरीज २०,७५०. हातातल्या ३०,६०० तून वजा जाता उरतात ९,८५०.

या यादीतल्या काही ओळींवर लोक हमखास चुकतात. पहिली मेस. मेसवाला महिन्याचे पैसे घेतो, पण बहुतेक ठिकाणी रविवारी रात्री चूल बंद. गावी गेलात तर खाडा धरायचा की नाही हे आधी ठरवून घ्यावं लागतं, आणि तो तीन-चार दिवस सलग असेल तरच धरतात. शिवाय मेसची चपाती पातळ आणि भाजी तेलकट. ज्वारीवर वाढलेल्या पोटाला दीड महिन्यात कंटाळा येतो आणि मग रोज संध्याकाळी बाहेरचं खाणं सुरू होतं. २,२०० ची ओळ ४,००० वर जाते ती इथूनच. चौघांत एकाला जरी स्वयंपाक येत असेल तर छोटा गॅस घ्या, रात्रीची खिचडी-भात घरी करा. गावाहून डाळ, शेंगदाण्याची चटणी, काळं तिखट आणा. ज्वारी आणायची तर दाणे आणा आणि आठ-दहा दिवसांपुरतंच दळून घ्या. आईनं कौतुकानं बांधून दिलेलं दहा किलो पीठ महिनाभरात कडवट होतं, भाकरी थापताना तुटते.

दुसरी चूक गावी जाण्याच्या खर्चात. लोक तो साध्या दिवसाच्या तिकिटावर धरतात. खरा खर्च गणपती, दिवाळी आणि लग्नसराईत होतो. खासगी ट्रॅव्हल्सनी एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेऊ नये असा सरकारचा नियम २०१८ पासून आहे, पण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ॲपवर काय दिसतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. वसुबारसेच्या तारखेतून ६० दिवस मागे मोजा आणि त्या सकाळी मोबाईल घेऊन बसा. मुलींसाठी एसटीचं तिकीट मार्च २०२३ पासून अर्धं आहे. दोघी-तिघींनी मिळून गेलं तर एसटी ट्रॅव्हल्सपेक्षा बरीच स्वस्त पडते, वेळ मात्र जास्त घेते.

प्रवासाची ओळ घर कुठं घेता यावर हलते. ऑफिसपासून दूर स्वस्त खोली घेतली तर भाड्यात वाचलेले हजार पेट्रोलमध्ये आणि शेअर रिक्षात जातात. शिवाय हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये संध्याकाळ जाते ती वेगळीच.

गावाकडची ऑफरही तितक्याच बारकाईने मोजा

समजा संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीतल्या कंपनीत महिन्याला २०,००० ग्रॉसची (कपातीआधीच्या पगाराची) ऑफर आहे. पीएफ लागू रक्कम १२,००० असेल तर १,४४० कापतील. ग्रॉस २१,००० च्या आत असल्याने ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू, तुमचा वाटा पाऊण टक्का म्हणजे १५०. प्रोफेशनल टॅक्स २००. हातात १८,२१०.

पोरगं सिडकोत आई-वडिलांकडे राहतंय असं धरू. बाईकचं पेट्रोल २,३००, कॅन्टीन ५००, मोबाईल ३५०, कपडे वगैरे १,५००, मित्र-हॉटेल १,२००. घरात ३,००० द्यायचे, कारण घरी राहिलं तर खर्च शून्य हा गैरसमज आहे. तो खर्च आई-बाबा करत असतात इतकंच. बेरीज ८,८५०. उरतात ९,३६०.

एकीकडे ४ लाख ८० हजारांचं पॅकेज, दुसरीकडे २० हजारांची कंपनी, आणि महिनाअखेरचा फरक ४९० रुपये. त्यातही इकडे घराला ३,००० आधीच दिलेले आहेत. पुण्याहूनही तेवढेच घरी पाठवायचे म्हटलं तर तिकडे राहतात ६,८५०.

पण हे उदाहरण सिडकोतल्या पोराचं. गेवराईच्या किंवा उदगीरच्या पोराला संभाजीनगरही परगावच. बजाजनगरात खोलीचा वाटा २,५००, लाईट-पाणी ५००, मेस २,८००, नाश्ता १,५००, प्रवास ८००, मोबाईल ३५०, गावी जाणं ८००, कपडे १,५००, मित्र १,२००. झाले ११,९५०. १८,२१० तून उरले ६,२६०. त्याच्यासाठी पुणे महिन्याला ३,५९० रुपयांनी सरस ठरतं. म्हणजे एकाच वर्गातल्या, एकाच गुणांच्या दोन पोरांना याच दोन ऑफरींचं उत्तर वेगवेगळं येतं. मित्र गेला म्हणून जाऊ नका, आणि मित्र परत आला म्हणून घाबरूही नका.

ईएसआयसीबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या, तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही तिथं उपचार मिळतात. मोठ्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील असतीलच असं नाही. अनेकदा ते वेगळा हप्ता भरून घालावे लागतात. वडिलांना बीपी-शुगर असेल तर हा प्रश्न एचआरला पहिल्याच ईमेलमध्ये विचारा.

बरोबरीचा पगार काढा

सूत्र साधं आहे. गावाकडे जेवढे उरतात त्यात शहराचा खर्च मिळवा. सिडकोच्या पोरासाठी ९,३६० अधिक २०,७५० म्हणजे ३०,११०. हातात याहून कमी येत असेल तर तो पैशांसाठी शहरात जातोय असं म्हणता येणार नाही, दुसऱ्या कशासाठी तरी जातोय.

हातातल्या रकमेवरून पॅकेज काढायचं तर बारानं गुणून ०.७६५ ने भागा. वरच्या फोडीत पॅकेजचे ७६.५ टक्के हातात आले, म्हणून हा आकडा. ३०,११० साठी उत्तर येतं ४ लाख ७२ हजार. तुमच्या ऑफरमध्ये व्हेरिएबल जास्त असेल तर भागायचा आकडा आणखी खाली येईल.

शैक्षणिक कर्ज असेल तर ते याच टप्प्यावर मांडा. ४ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, सात वर्षांची मुदत धरली तर हप्ता सुमारे ६,७४५ पडतो. पुण्याच्या ९,८५० मधून तो गेला की ३,१०० उरतात, म्हणजे दिवाळीला घरी नवे कपडे घ्यायचे झाले तरी हात आखडणार. हप्ता शिक्षण संपल्यावर काही काळाने, बऱ्याच बँकांत वर्षभराने सुरू होतो, पण त्या काळातही व्याज चढतच असतं. हे बऱ्याच घरांत पहिल्या हप्त्याच्या दिवशी कळतं. बँकेत जाऊन आजची एकूण थकबाकी लिहून आणा, मंजूर रकमेवर हिशेब करू नका.

शहरात पाय ठेवायला लागणारे पैसे

खूप जण इथंच अडकतात. वाकडच्या त्याच फ्लॅटचं डिपॉझिट दोन महिन्यांचं, म्हणजे एकाच्या वाट्याला १३,०००. ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं, वाटा ६,५००. पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं ६,५००. कराराचा वाटा १,०००. गादी, बादली, पंखा, शेगडी ४,०००. झाले ३१,०००. आता पगाराची तारीख बघा. कंपन्या महिन्याच्या पंधरा-वीस तारखेला पगाराची यादी बंद करतात. त्यानंतर जॉइन झालात तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या अखेरीस, म्हणजे ४०-४५ दिवस खिशातूनच. त्या दिवसांचा भाड्याशिवायचा खर्च सुमारे २१,००० आणि दुसऱ्या महिन्याचं भाडं ६,५००. सगळे मिळून ५८,५००.

हे पैसे लागतात कधी? जॉइनिंग बहुतेक जून ते ऑगस्टमध्ये येतं. नेमकं तेव्हा घरातला पैसा सोयाबीनच्या बियाण्यात आणि खतात गेलेला असतो, आणि माल बाजारात येतो दिवाळीच्या तोंडावर. वडील "बघू" म्हणतात आणि कुठून तरी तीन टक्के महिन्याने उचलतात. तीन टक्के महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. त्यापेक्षा पहिले दोन-तीन महिने कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेचं भाडं देऊन, काढा. तिथं डिपॉझिट साधारण एका महिन्याचं असतं, ब्रोकर लागत नाही, गादी-कपाट मिळतं. खोलीत चौघे-पाचजण, सकाळी बाथरूमला रांग, हे सोसावं लागेल. पण तेवढ्यात एरिया कळतो, ऑफिसातले सोबती मिळतात आणि घाईत घेतलेला भलताच फ्लॅट टळतो. जॉइनिंगची तारीख महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागून बघा. कधी कधी मिळते.

फ्लॅट घेताना अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणी केलेलाच घ्या. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने आवश्यक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं, नोंदणी फी शहरात १,०००. एजंट याहून बरंच जास्त सांगत असेल तर पावती मागा. करारात चौघांचीही नावं हवीत. एकाच्याच नावावर करार असेल आणि तो कंपनी बदलून निघून गेला तर डिपॉझिट त्याच्या खात्यात परत जातं, आणि बाकीचे तिघं त्याला फोन लावत बसतात. राहायला जाताना भिंती, नळ, गिझर यांचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲप करा. निघताना रंगाचे पैसे कापायच्या वेळी तो उपयोगी पडतो. अकरा महिन्यांनी भाडं ५ ते १० टक्के वाढवून मागतील, ते आतापासूनच धरा.

पुणे सोडून इतरत्र

मुंबईत भाडं आणि डिपॉझिट जास्त, प्रवास स्वस्त. लोकलचा सेकंड क्लासचा महिन्याचा पास काही शे रुपयांत होतो, म्हणून लोक कल्याण-डोंबिवलीला, नाहीतर ऐरोली-घणसोलीकडे राहतात. तिथं किंमत वेळात मोजावी लागते. ऑफर मुंबईची असेल तर ऑफिसचं स्टेशन विचारा, फक्त "मुंबई" वर थांबू नका. अंधेरी आणि ऐरोली या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

नांदेड, देगलूर, उदगीरच्या पोरांनी हैदराबाद यादीत नक्की धरावं. नांदेडहून ते पुण्यापेक्षा बरंच जवळ आहे, रेल्वे आहे, आणि गावी जाण्याची ओळ निम्म्यावर येऊ शकते. आपल्याकडे सवयीनं सगळे पुण्याच्याच गाडीत बसतात.

पैशात न दिसणारं

तास मोजा. पुण्याच्या नोकरीत महिन्याचे २२ दिवस, रोज ९ तास काम आणि २ तास प्रवास धरला तर २४२ तास होतात. ३०,६०० भागिले २४२ म्हणजे तासाला सुमारे १२६ रुपये. वाळूजला सहा दिवसांचा आठवडा, २६ दिवस, रोज प्रवासासकट १० तास, म्हणजे २६० तास. तासाला ७० रुपये. शिल्लक सारखी दिसली तरी शनिवार मोकळा असणं ही मोठी गोष्ट आहे. कोर्स, सर्टिफिकेट, दुसऱ्या कंपनीच्या मुलाखती, सगळं त्याच दिवशी होतं.

दुसरं, दोन वर्षांनी काय? त्या कंपनीत त्याच पदावर दोन वर्षं काढलेली तीन माणसं शोधा. कॉलेजचे सीनियर सापडतात. त्यांना दोनच प्रश्न विचारा: रोज नेमकं काय काम करता, आणि पहिली पगारवाढ किती झाली. "शिकायला खूप मिळतं" हे उत्तर सोडून द्या. वाळूज-शेंद्र्यात क्वालिटी, टूलरूम, मेंटेनन्सचं खरं काम हाताखाली मिळत असेल तर त्याला पुढे चाकणलाही किंमत आहे. उलट पुण्यातल्या नावाजलेल्या इमारतीत बसून दोन वर्षं फक्त एक्सेल शीट भरली तर बायोडाटात लिहायला फारसं उरत नाही. आमच्या मते पैशांत ५०० रुपयांचा फरक असेल तर काम बघून ठरवावं, ५,००० चा असेल तर पैसे बघून.

नोटीस पीरियड आणि बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट) शेवटी वाचतात, ते आधी वाचा. ९० दिवसांची नोटीस असेल तर पुढची कंपनी थांबायला तयार होत नाही.

पहिली पगाराची स्लिप आली की ती ऑफर लेटरशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. यूएएन (पीएफ खात्याचा) नंबर आलाय का, पीएफच्या पासबुकात दोन्ही वाटे जमा दिसतात का, नावाचं आणि जन्मतारखेचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का. वडिलांच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडं असलं तरी पुढं पैसे काढताना महिने जातात. आणि आज एचआरला एका ईमेलमध्ये दुरुस्त होणारी गोष्ट, कंपनी सोडल्यावर होत नाही.